टँकरची किल्ली कोणाकडे?

‘रॉकेल’ हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरून गेला आहे की त्याच्या मुळाशी इंग्रजीतील ‘रॉक ऑइल’ हे जोडनाव आहे याची आठवण आता कोणालाही होत नाही. आणि तीच गत त्या रॉकेलच्या चौकोनी पत्र्याच्या डब्याची झाली. तेल संपल्यावर त्या डब्याचे वरचे तोंड कापून, आडवी लाकडी दांडी ठोकून, त्यातून नळावरचे पाणी भरावे, ज्वारी-बाजरी साठवावी, आणि तळ गंजून निकामी झाला म्हणजे पत्रा उलगडून गोठ्याच्या किंवा झोपडीच्या छपरावर ठोकावा, असा त्याचा दीर्घ आणि उपकारक जीवनक्रम आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. हा डबा म्हणजे एका मोठ्या व्यापारयुद्धाचा अवशेष होता, आणि त्या युद्धाचा निकाल तेलाच्या गुणावगुणांवर जितका लागला तितकाच तो वाहून नेणाऱ्या पेढ्यांच्या अंतर्गत कारभारावर लागला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या कानी आलेली नसते.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर आशिया खंडाला दिव्याचे तेल पुरविण्याची मिरासदारी अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीकडे होती. ती आपले तेल डब्यांत भरून, ते डबे लाकडी खोक्यांत रचून, साध्या मालवाहू जहाजांतून पाठवीत असे. लंडनचा मार्कस सॅम्युएल हा व्यापारी. त्याच्या वडिलांचा धंदा पूर्वेकडून आणलेल्या शंख-शिंपल्यांचा, आणि म्हणूनच पुढे त्याच्या कंपनीला ‘शेल’ हे नाव पडले. या गृहस्थाने असा हिशेब मांडला की काळ्या समुद्राकाठच्या बातुम बंदरातील रशियन तेल डब्यांऐवजी थेट जहाजाच्या पोटातील टाक्यांत भरले आणि आफ्रिकेला वळसा न घालता सुएझ कालव्यातून नेले, तर डब्याचा, खोक्याचा आणि अंतराचा असा तिहेरी खर्च वाचेल. कालव्याच्या अधिकाऱ्यांचे समाधान होईल इतके निर्धोक जहाज त्याने इंग्लंडात मुद्दाम बांधवून घेतले. ‘म्युरेक्स’ हे त्याचे नाव, तेही एका शंखाचेच. १८९२ च्या ऑगस्टमध्ये ते सुएझमधून पार झाले आणि सिंगापूर-बँकॉकच्या वाटेला लागले.

येथवर सर्व काही यथासांग झाले. परंतु पूर्वेकडच्या बंदरांत तेल टाक्यांत उतरल्यावर असे दिसून आले की गिऱ्हाईक ते विकत घेण्यास येईना. सॅम्युएलची समजूत अशी होती की तेल स्वस्त मिळाले म्हणजे लोक आपापली भांडी घेऊन येतील. लोकांना तर तेलाइतकीच स्टँडर्डच्या निळ्या डब्याची गरज होती, कारण डब्यावाचून त्यांचा अर्धा संसार अडत होता! लंडनमध्ये आखलेले व्यूहधोरण येथे साफ कोसळावयाचे, पण कोसळले नाही. याचे श्रेय त्या पेढीच्या घडणीला दिले पाहिजे. पूर्वेकडच्या टाक्या उभारण्यासाठी सॅम्युएलने स्वतःचे भाचे धाडलेले होते आणि तेथील विक्री जुन्या, स्थानिक बाजार ओळखणाऱ्या व्यापारी पेढ्यांकडे सोपविलेली होती. बाजारात काय अडले आहे ही खबर मधल्या कोणत्याही दफ्तरात न मुरता थेट धन्याच्या मेजावर पोहोचली, आणि धन्याचा हुकूम तितक्याच वेगाने परत फिरला. जहाजभर पत्रा पूर्वेकडे रवाना झाला. ज्यांनी जन्मात डबा बनविला नव्हता अशा पेढ्यांनी जागच्या जागी डबे ठोकावयास घेतले. कडी कशी बसवावी, रंग कोणता द्यावा, येथपर्यंतच्या विचारणा तारेने होत राहिल्या. रंग ठरला तांबडा. निळ्या डब्याशेजारी कोरा करकरीत तांबडा डबा दुकानात येऊन उभा राहिला आणि माल खपू लागला.

याहूनही कौतुकाची तजवीज पुढल्या वर्षी, म्हणजे १८९३ साली झाली. स्टँडर्डची युद्धनीती अशी असे की प्रतिस्पर्धी ज्या एका मुलखात असेल तेथे भाव पाडावा, तोटा सोसावा, त्याला मोडावे, आणि तो तोटा अन्य मुलखांतील नफ्यातून भरून काढावा. सॅम्युएलने आपल्या सर्व सहकारी पेढ्यांचे एक मंडळ केले आणि सर्व ठिकाणचा नफा-तोटा एकत्र मोजून वाटून घेण्याचा करार केला. एका बंदरातला भाव पडला तर त्या बंदराचा दलाल एकटा मरणार नाही, दहाजण मिळून तो घाव सोसतील. स्टँडर्डचे द्रव्य अमाप होते. परंतु या कराराने तिच्या हल्ल्याची धार बोथट झाली. हाताखालच्या माणसाला स्वस्त भावातही विकत राहण्याचे धैर्य कोणत्या भाषणाने आले नव्हते. तोटा कोणाच्या खाती पडणार हे आधी ठरले होते, म्हणून ते आले. ‘संघटनरचना’ या शब्दाचा अर्थ मी तरी असाच समजतो. भिंतीवर टांगलेला चौकटी-चौकटींचा तक्ता हे तिचे बाह्य रूप आहे. कोणी कोणाला विचारावे, कोणाच्या खाती काय पडावे, आणि कोणाला ‘नाही’ म्हणण्याचा अखत्यार असावा, या तीन प्रश्नांची उत्तरे हे तिचे खरे शरीर आहे.

सॅम्युएलची कथा येथेच थांबविली तर ती अर्धसत्य ठरेल. १८९७ साली त्याने ‘शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग कंपनी’ स्थापली (नावातच ‘ट्रान्सपोर्ट’ आहे हे लक्षात घ्यावे), आणि ज्या घरगुती कारभाराने सुरुवातीच्या थोड्या जहाजांचा धंदा चपळाईने चालविला होता त्याच कारभाराने जगभर पसरलेला पसारा चालविण्याचा प्रयत्न केला. दोघे भाऊ, काही नातलग, थोडे कारकून आणि पत्रव्यवहाराचे ढीग, एवढ्यावर हा डोलारा उभा होता. खात्यांची विभागणी नाही, जबाबदेहीची वाटणी नाही. धनी आजारी किंवा अन्यत्र व्यग्र असला म्हणजे निर्णय तटून राहत. आणि १९०२ साली तर धनी लंडनचा लॉर्ड मेयर होऊन नगराच्या मानपानांत गुंतला. दुसऱ्या बाजूस रॉयल डच या प्रतिस्पर्धी कंपनीचा हेन्री डेटर्डिंग हा मूळचा बँकेतील कारकून, आकड्यांत रमणारा, पै-पैचा हिशेब ठेवणारा. १९०७ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हा डचांकडे साठ आणि सॅम्युएलकडे चाळीस असे हिस्से पडले, यात नवल काहीच नव्हते. एकाच रचनेने एकाच माणसाला आधी तारले आणि मग बुडविले.

अशा उदाहरणांचा शास्त्रीय विचार पुढे अमेरिकेतील इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनी केला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ड्यू पाँ, जनरल मोटर्स, सीअर्स रोबक आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल या चार प्रचंड उद्योगांची दफ्तरे चाळून असा सिद्धांत मांडला की उद्योगाचे धोरण आधी बदलते, त्याच्या ओझ्याखाली जुनी घडी मोडते, आणि मग नवी घडी बसते. त्या चौघांपैकी तेलाच्या कंपनीची नवी घडी सर्वांत रडतखडत, तुकड्यातुकड्यांनी बसली, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. तेल ही वाहती वस्तू आहे. विहीर, शुद्धीकरण, जहाज, नळ, टाकी, टँकर, पंप या साखळीत कोठेही ती क्षणभर विसावत नाही, आणि म्हणून एका खात्याची कसूर दुसऱ्या खात्याच्या पदरात, तीही काही तासांत, येऊन पडते. चँडलरांच्या सिद्धांताला वाहतुकीपुरती एक पुरवणी जोडण्याचे धाडस मी करतो: नवी घडी बसेपर्यंत जुनी घडी स्वस्थ बसत नाही, ती नव्या धोरणाला आपल्या जुन्या सवयींत मुरवून टाकते.

आपल्या देशात याचे प्रत्यंतर पाहावयाचे तर मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटीत जावे लागेल. १९२८ साली स्थापन झालेल्या बर्मा-शेल कंपनीच्या लांबलचक नावातही ‘साठवण आणि वितरण’ हेच दोन शब्द होते. तुर्भ्याचा तिचा शुद्धीकरण कारखाना १९५५ साली चालू झाला; १९७६ च्या जानेवारीत सरकारने ती ताब्यात घेतली, आणि पुढल्या वर्षी तिचे ‘भारत पेट्रोलियम’ असे नामकरण झाले. त्यानंतरची पंचवीसेक वर्षे तेलाचे भाव सरकार ठरवीत होते, नफ्याचे प्रमाण ठरलेले होते, आणि कोणता पंप कोणी कोठे काढावा याचीही मोजमापे होती. अशा काळात कंपनीचा कारभार खात्याखात्यांनी चालणे हेच योग्य आणि सोयीचे होते. विक्रीचे खाते वेगळे, साठवण-वाहतुकीचे वेगळे, हिशेबाचे वेगळे, अभियांत्रिकीचे वेगळे. आणि प्रत्येकाची शिडी आपापल्या मार्गाने वरच्या मजल्यापर्यंत जाणारी.

या शिडीचा अनुभव ज्याने घेतला असेल तो पंपचालकच जाणे. समजा, टँकरमधून शंभर लिटर कमी आले. पंपचालकाने ते विक्री अधिकाऱ्याला सांगावे. पण टँकर विक्री खात्याच्या अखत्यारात नाही, म्हणून विक्री अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठाला लिहावे. त्याने ते वाहतूक खात्याच्या तितक्याच हुद्द्याच्या माणसाकडे पाठवावे. त्याने ते खाली डेपोकडे विचारणेस्तव धाडावे. डेपोने ‘मोजमाप बरहुकूम होते’ अशी मखलाशी करून कागद आल्या वाटेने परत करावा. आणि एवढ्यात त्या टँकरच्या वीस फेऱ्या होऊन गेलेल्या असाव्यात! यात कोणी लबाड असलाच पाहिजे असे नाही. प्रत्येकजण आपल्या खात्याच्या शिरस्त्याने वागला, आणि सर्वांच्या शिस्तीची बेरीज मात्र बेशिस्त झाली.

सरकारी भावनियंत्रणाची ही व्यवस्था एप्रिल २००२ मध्ये अधिकृतपणे संपली. परंतु तिचा शेवट बराच आधी दिसू लागला होता, आणि भारत पेट्रोलियमने त्याची वाट पाहत न बसता नव्वदीच्या उत्तरार्धातच आपली घडी मोडून नवी बसविली. खात्यांऐवजी ग्राहकांच्या जातीप्रमाणे व्यवसाय-विभाग केले गेले: पंपावरची किरकोळ विक्री, स्वयंपाकाचा गॅस, वंगणे, विमानांचे इंधन, मोठे औद्योगिक ग्राहक असे. मधले काही मजले काढून टाकण्यात आले, आणि ठरावीक मुलखाच्या अधिकाऱ्याला त्या मुलखापुरते मुखत्यार करण्यात आले. हा बदल कागदावर नीरस दिसतो. परंतु २००१ साली याच कंपनीने ‘प्युअर फॉर शुअर’ ही योजना काढून, आमच्या ठरावीक पंपांवर माप पुरे आणि माल निर्भेळ मिळेल, असे जाहीर अभिवचन दिले, तेव्हा त्याची किंमत कळली. असे वचन जुन्या घडणीतून देणेच शक्य नव्हते, कारण डेपोच्या फाटकापासून पंपाच्या नळीपर्यंतच्या सर्व मार्गाबद्दल उत्तर देणारा एक माणूस त्या घडणीत कोठेच उभा नव्हता.

आता या मार्गाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे खुद्द टँकर. बारा, वीस किंवा चोवीस हजार लिटरांची ही टाकी आतून तीन-चार-पाच कप्प्यांत विभागलेली असते, कारण अखंड टाकीतील तेल ब्रेक लागताच एकदम पुढे लोटले तर गाडी आवरेनाशी होते. प्रत्येक कप्प्याचे माप वैधमापन खात्याने प्रमाणित केलेले, आणि त्याच्या डिपरॉडवर, म्हणजे मापपट्टीवर, खुणा असतात. डेपोत तेल भरल्यावर त्याची घनता आणि तापमान चलनावर लिहिले जाते, कारण उष्णतेने तेल फुगते आणि थंडीने आकसते. पंपावर ती घनता पुन्हा तपासून ताळा पाहावा आणि मगच तेल उतरवून घ्यावे, असा नियम आहे. कुलपाची योजना तर अशी की त्याची एक किल्ली डेपोवर, दुसरी पंपावर, आणि त्या दोहोंमधली सारी वाट ज्याच्या हाती गाडी असते त्या चालकाजवळ कोणतीच नाही. अलीकडे या किल्लीची जागा काही ठिकाणी मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक आकड्याने घेतली आहे.

ही व्यवस्था नवी खरी. पण तिच्यामागचे तत्त्व आपल्या मुलखाला परके नाही. शिवकालीन गडाचा कारभार एका किल्लेदाराच्या मर्जीवर सोडलेला नसे. हवालदाराकडे गडाच्या किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि जमाखर्च, सरनोबताकडे पहारा आणि शिबंदी, असे तिघे समान मानाचे अधिकारी, तेही बहुधा निरनिराळ्या जातींचे नेमले जात, अशासाठी की तिघांपैकी एकटा कोणी फितला तरी गड शत्रूच्या हवाली होऊ नये. गडाच्या बाबतीत महाराजांनी जी खबरदारी घेतली तीच तेलाच्या बाबतीत घेतलेली दिसते. तथापि एक भेद विसरू नये. गडावरचे तिघेही एकाच धन्याचे चाकर होते आणि तिघांचेही वेतन एकाच खजिन्यातून येत होते. टँकरच्या बाबतीत तसे काही नाही.

टँकरमधला माल कंपनीचा. गाडी मात्र कंपनीची क्वचितच असते. निविदा भरून कंत्राट मिळविलेल्या वाहतूकदाराची, कित्येकदा पंपचालकाची स्वतःची. चालक आणि क्लीनर त्या वाहतूकदाराचे नोकर. पंप तिसऱ्याचा. स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांच्या परवान्यांचे केंद्रीय कार्यालय, म्हणजे ‘पेसो’, आपल्याच नागपुरात. गाडीची योग्यता पाहणारे परिवहन खाते वेगळे. माप पाहणारे खाते वेगळे. भेसळीवर नजर ठेवणारे महसूल व पुरवठा खाते वेगळे. मोटार वाहन नियमांनीही, म्हणजे १९८९ च्या नियमावलीने, धोकादायक मालाची जबाबदारी तीन वेगवेगळ्या नियमांत वाटून दिली आहे: एक माल पाठविणाऱ्याची, एक गाडीमालकाची, एक चालकाची. कायद्याच्या दृष्टीने ही विभागणी निर्दोष आहे. व्यवहारात तिचा परिणाम असा होतो की प्रसंग ओढवला म्हणजे प्रत्येकजण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवितो.

त्यात द्रव्याची व्यवस्था आणखी गुंता करते. कंपनी वाहतूकदाराला मोबदला देते तो किलोलिटर आणि जाण्या-येण्याचे किलोमीटर यांच्या गुणाकारावर. वाहतूकदार चालकाला देतो तो पगाराहून अधिक फेरीच्या भत्त्यावर. आता कंपनीच्या मुख्य कचेरीत सुरक्षेचे उत्तम धोरण ठरले, त्याची पुस्तिका छापली, चालकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले, गाडीवर उपग्रहाने माग काढणारे यंत्र बसविले. तरी लोणी काळभोरच्या डेपोतून भरून निघालेल्या एखाद्या चालकाला खंबाटकीच्या चढाखाली रात्री ब्रेक संशयास्पद वाटला, तर त्याच्यापुढे काय पेच उभा राहतो ते पाहावे. थांबला तर फेरी बुडते, भत्ता बुडतो, सकाळी पंप कोरडा पडल्याबद्दल बोलणी बसतात, आणि अनधिकृत थांब्याबद्दल ते यंत्रच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. चालला तर बहुधा काहीच होत नाही. पुस्तिका त्याला थांब म्हणते आणि पैसा त्याला चाल म्हणतो. यांपैकी कोण जिंकेल हे सांगण्यास व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

अशा वेळी चालक काय करतो, तर ‘शेठला विचारतो’. आपल्याकडील बहुसंख्य वाहतूकदार पाच-दहा गाड्यांचे मालक. वडील निविदा आणि बँक पाहतात, थोरला मुलगा डेपोवर नंबर लावतो, मेहुणा टायर-डिझेलचा हिशेब ठेवतो. या रचनेचे गुण नाकारण्याचे कारण नाही: शेठ प्रत्येक गाडीचा आवाज ओळखतो, प्रत्येक चालकाच्या घरची अडचण जाणतो, आणि रात्री दोन वाजतासुद्धा फोन उचलतो. परंतु पाच गाड्यांच्या पन्नास झाल्या म्हणजे तोच फोन साऱ्या कारभाराची अडलेली मोरी होऊन बसतो. आणि शेठ फोन उचलत नाही तोवर निर्णय घेणारा कोणीच नसतो, कारण निर्णय घेण्याची सवय त्याने कोणाला लागूच दिलेली नसते. सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या सॅम्युएलचे जे झाले तेच येथे, फक्त लहान मापाने, होते. ज्या मालकाने चालकाला ‘गाडीत दोष वाटला तर थांब, भत्ता कापणार नाही’ असे एकदा लेखी दिले आणि दोन प्रसंगी ते पाळून दाखविले, त्याने सुरक्षेच्या दहा पुस्तिकांचे काम केले असे मी समजतो.

जबाबदारीच्या या तुकड्यांची किंमत किती भयंकर असते हे २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातील बहावलपूर जिल्ह्यात दिसले. ईदच्या आदल्या दिवशी पहाटे कराचीहून निघालेला एक टँकर अहमदपूर शर्किया गावाजवळ उलटला. सांडणारे पेट्रोल भांड्यांत भरून घेण्यासाठी आसपासचे लोक धावले, आणि थोड्याच वेळात भडका उडून दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. माल शेल पाकिस्तानचा, गाडी कंत्राटदाराची. तेथील नियामक प्राधिकरणाच्या चौकशीत तो टँकर ठरविलेल्या तांत्रिक निकषांत बसत नव्हता असे निष्पन्न झाले. कंपनीला एक कोटी पाकिस्तानी रुपये दंड झाला आणि मृतांच्या वारसांना प्रत्येकी दहा लाख देण्याचा आदेश निघाला. निकष कागदावर आधीपासून होते. डेपोच्या फाटकावर, ही गाडी भरणार नाही, असे म्हणून ती परत फिरविणारा माणूस मात्र नव्हता, किंवा असून त्याच्या ‘नाही’ला वजन नव्हते.

पुढे जे झाले ते याहूनही उद्बोधक आहे. प्राधिकरणाने निकषांची कडक अंमलबजावणी आरंभिताच जुलैच्या अखेरीस तेथील टँकरमालकांनी संप पुकारला आणि शहराशहरांत पंप कोरडे पडले. संपाला केवळ मालकांचा हटवाद म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु नवीन धुरे आणि नवी टाकी घेण्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न वाहतुकीच्या दरात कोठेच धरलेला नव्हता. सॅम्युएलच्या १८९३ च्या करारात जी गोष्ट आधी ठरली होती ती येथे राहून गेली. तोटा कोणाच्या खाती हे न ठरविता दिलेला हुकूम असा रस्त्यातच अडतो.

आपल्याकडेही १ व २ जानेवारी २०२४ रोजी अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेल्या, नव्या फौजदारी कायद्यातील कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीतील डेपोंमधून निघणारे टँकर थांबले, आणि नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत पंपांवर रांगा लागल्या. ते कलम पुढे १ जुलैला उरलेल्या कायद्याबरोबर अमलात आले नाही. त्या कलमाची युक्तायुक्तता हा वेगळा विषय आहे. मला त्यात दिसले ते इतकेच की ज्या चालकाच्या हाती चोवीस हजार लिटर पेट्रोल विश्वासाने सोपविले जाते, त्याचे म्हणणे वर पोहोचविणारी एकही पायरी या साऱ्या इमारतीत नाही. तो कंपनीचा नोकर नव्हे, म्हणून कंपनीच्या बैठकीत नाही. मालकाचा नोकर आहे, पण मालकाची सभा मालकांची. त्याच्याजवळ बोलण्याचे एकच साधन उरते, आणि ते म्हणजे इंजिन बंद करणे.

पानेवाडीचे नाव निघाले म्हणजे आणखी एका दिवसाचे स्मरण टाळता येत नाही. मुंबईहून नळमार्गाने आलेले तेल येथे टाक्यांत उतरते आणि टँकरांनी चहूकडे जाते. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे या परिसरातून जात असता इंधनाच्या भेसळीचा प्रकार नजरेस पडला म्हणून थांबले, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्या प्रसंगाची अमानुषता शब्दांत मावणारी नाही. रचनेच्या अंगाने विचार करताना एकच गोष्ट राहून राहून मनात येते: जो थांबला तो महसूल खात्याचा अधिकारी होता. त्या तेलाच्या वाटेवर ज्यांची उपजीविका होती, ज्यांच्या चलनावर त्याची घनता लिहिलेली होती, ज्यांच्या गाडीत ते होते, ज्यांच्या टाकीत ते जावयाचे होते, त्या लांबलचक साखळीत थांबण्याचे कर्तव्य स्पष्टपणे कोणाच्याच नावे मांडलेले नव्हते. कुलूप आणि किल्ली यांनी अशी चोरी अवघड होते, यात संशय नाही. तथापि दोन टोकांचे दोघे मिळाले तर दोन किल्ल्या एकीसारख्याच होतात. आणि म्हणूनच गडावर तिसरा माणूस, हिशेब ठेवणारा सबनीस, नेमलेला असे.

त्या तिसऱ्या माणसाचे काम थोडेसे वाचकाकडेही येते. प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापन खात्याने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवणे, आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास त्यात तेल मोजून दाखविणे, पंपचालकाला बंधनकारक आहे. त्या दिवशीची घनतेची नोंद आणि गाळणकागदावरची चाचणी पाहण्याचाही आपल्याला हक्क आहे. यासाठी एक पैसाही पडत नाही. पंपावरच्या पोऱ्याला हे माप बहुधा कोठे ठेवले आहे ते शोधावे लागते, तेवढा वेळ थांबण्याची तयारी मात्र ठेवावी.